बाजारात तुरी आणि सत्तावीस लिटरचे इंजिन

आमच्या महाविद्यालयाच्या फाटकासमोर एक गॅरेज आहे. ते चालविणारे दोघेही आमचेच माजी विद्यार्थी. एकाने मराठी घेऊन बी. ए. पुरे केले, दुसऱ्याने दुसऱ्या वर्षातच शिक्षण सोडले. आणि गॅरेजच्या दृष्टीने पाहता दुसऱ्याचा निर्णय अधिक दूरदृष्टीचा ठरला, हे आम्ही मराठीचे अध्यापक असूनही मान्य करतो. शेवटचा तास संपला की आम्ही दोघे-तिघे तेथे चहाला थांबतो. मागे एका शनिवारी तेथे पाच-सहा तरुण एका जुन्या इंग्रजी मोटार-मासिकाभोवती गोळा झालेले दिसले. मासिक रद्दीतून आलेले, मुखपृष्ठ गेलेले. शेवटच्या पानांवरील छोट्या जाहिरातींत एका चौकटीत शर्यतीचे इंजिन विक्रीला काढले होते. अश्वशक्तीचा आकडा चार अंकी होता. खाली बारीक अक्षरांत छापले होते की सोबत गिअरबॉक्स मिळणार नाही.

"सर, नुसतं इंजिन आहे. गाडी नाही," बी. ए. झालेल्याने आम्हांला समजावून सांगितले.

पुढचा पाऊण तास त्या मंडळींनी ते इंजिन कशात बसवावे याची चर्चा केली. एकाने ॲम्बॅसिडर सुचविली, दुसऱ्याने लष्कराकडून सुटलेली जोंगा. तिसऱ्याने पेट्रोलचा हिशेब मांडला आणि तो मध्येच सोडून दिला. चौथा टेप घेऊन उठला, त्याने गॅरेजच्या दाराची रुंदी मोजली आणि आकडा खडूने भिंतीवर लिहून ठेवला. मासिक बारा वर्षांपूर्वीचे होते, ते इंजिन केव्हाच कोणीतरी नेले असणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते. त्याने चर्चेत काही फरक पडला नाही.

मराठीत या प्रसंगासाठी म्हण तयारच आहे : बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. तूर अजून बाजारात आहे, आणि घरात वरण घट्ट की पातळ यावरून नवराबायकोत हाणामारी सुरू झाली आहे. पंचतंत्रातला तो ब्राह्मण याच कुळातला. सातूच्या पिठाचे मडके खुंटीला टांगून तो खाली पडतो. पिठाच्या शेळ्या होतात, शेळ्यांच्या गाई, गाईंचे घर, घरात बायको, मुलगा. आणि शेवटी काल्पनिक बायकोला मारलेली लाथ खऱ्या मडक्याला लागते. या व्यवहाराला आपण मनोराज्य म्हणतो. आम्हांला इंजिनातले काही कळत नाही. मनोराज्य मात्र आमच्या विषयाच्या हद्दीत येते, म्हणून या विशिष्ट मनोराज्याचा इतिहास आम्ही धुंडाळायला घेतला. तेव्हा ध्यानात आले की ही तूर काही वेळा खरोखर विकत घेतली गेली आहे; घरी आणली गेली, शिजवली गेली. त्या व्यवहारात एक गोष्ट वारंवार दिसते. इंजिन बहुतेक वेळा स्वस्तात मिळाले. महाग पडले ते बाकीचे सगळे.

*

माणसाच्या गरजेपेक्षा फार मोठे इंजिन बाजारात येते कोठून? विसाव्या शतकात या प्रश्नाचे उत्तर बहुतेकदा एकच होते : युद्धातून. १९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा तिच्यापाशी स्वतःचे म्हणावे असे दमदार विमानी इंजिन नव्हते. मे महिन्याच्या अखेरीस जेसी व्हिन्सेंट आणि ई. जे. हॉल या दोन अभियंत्यांना वॉशिंग्टनच्या विलार्ड हॉटेलात बसविण्यात आले आणि अवघ्या पाच-सहा दिवसांत त्यांनी एका नव्या इंजिनाचा आराखडा तयार केला. त्याचे नाव लिबर्टी. बारा सिलिंडर, सत्तावीस लिटर क्षमता, सुमारे ४०० अश्वशक्ती. आपल्या रस्त्यांवरील लहान मोटारीचे इंजिन एक-सव्वा लिटरचे असते, एवढे सांगितले म्हणजे आमच्यासारख्या वाचकांना प्रमाणाची कल्पना येईल. मोटारी बनविणारे कारखाने या कामाला जुंपले गेले आणि वीस हजारांहून अधिक लिबर्टी इंजिने तयार झाली. पण १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये युद्ध संपले आणि त्यांतल्या हजारो इंजिनांना उडवायला विमान उरले नाही.

जर्मनीच्या बाजूला निराळी कथा घडली. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीची लष्करी विमाने आणि त्यांची इंजिने मित्रराष्ट्रांच्या स्वाधीन करावीत असे ठरले. विजेत्यांपाशी स्वतःच्याच इंजिनांचे ढीग होते, तेथे पराभूतांच्या इंजिनांचे काय करणार? दोन्ही बाजूंचा माल बाजारात आला. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याचा उरलेला माल लिलावात निघाला, तेव्हा 'डिस्पोजल' हा शब्द मराठी घरांत शिरला आणि डिस्पोजलच्या जीपगाड्या गावोगाव धावू लागल्या. युरोपात हा अनुभव पाव शतक आधीच येऊन गेला होता. फरक इतकाच की जीप हे पुरे वाहन होते. इंजिन हे वाहन नव्हे. इंजिन म्हणजे अर्धे वाक्य, आणि उरलेले वाक्य ज्याचे त्याने पुरे करायचे.

ते पुरे करणे किती कठीण, हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. विमानाचे इंजिन तासन्‌तास पूर्ण जोर लावण्यासाठी घडविलेले असते. मोटारीच्या इंजिनाला असा प्रसंग क्वचित येतो. त्या काळातील विमानी इंजिने मिनिटाला सतराशे-अठराशे फेरेच घेत, पण प्रत्येक फेऱ्यामागे जोर प्रचंड. त्यांना क्लच नसे, गिअरबॉक्स नसे. दांड्याच्या टोकाला पंखा बसविला की काम झाले, कारण हवा पंख्याला हळूहळू धरते. जमीन तशी धरत नाही. थांबलेली गाडी हलवायची तर त्या जोराला कोठेतरी अडवावे, घसरू द्यावे, मग हळूच सोडावे लागते. तो जोर साखळ्यांनी मागच्या चाकांपर्यंत न्यावा लागतो. आणि शेवटी तो सगळा टायरच्या तळहाताएवढ्या भागातून जमिनीला द्यावा लागतो. इंजिन युद्धाने दिले होते. क्लच, साखळी, चाक आणि टायर युद्धाने दिले नव्हते.

*

या व्यवहारातले सर्वांत प्रसिद्ध गिऱ्हाईक म्हणजे काउंट लुई झ्बोरोव्स्की. जन्म १८९५ चा, आईकडून न्यूयॉर्कच्या ॲस्टर घराण्याची संपत्ती आलेली. वडील एलियट हेही शर्यतीचे शौकीन. १९०३ मध्ये फ्रान्समधील ला तुर्बीच्या घाटातील शर्यतीत त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या बाहीचे बटण हाताने चालवायच्या थ्रॉटलमध्ये अडकले आणि गाडी आवरेना, अशी आख्यायिका आहे. मुलगा अगदी तरुणपणी अफाट संपत्तीचा मालक झाला आणि कँटरबरीजवळच्या आपल्या हायम पार्क या वाड्यात त्याने मोटारींचा कारखानाच थाटला.

तेथे १९२१ मध्ये, अभियंता क्लाइव्ह गॅलप याच्या मदतीने, एका जुन्या मर्सिडीजच्या सांगाड्यावर मायबाख कंपनीचे तेवीस लिटरचे सहा सिलिंडरी विमानी इंजिन चढविले गेले. युद्धापूर्वीचा तो साखळीचा सांगाडा इतका दणकट होता की हा भार सोसण्याची त्याच्याकडून आशा धरता येत होती. गाडीला नाव मिळाले चिट्टी बँग बँग. इंग्लंडच्या सरे परगण्यात ब्रूकलँड्स येथे १९०७ मध्ये बांधलेला काँक्रीटचा उतरत्या वळणांचा शर्यतीचा मार्ग होता. १९२१ च्या ईस्टरला चिट्टी तेथे प्रथम उतरली आणि ताशी शंभर मैलांहून, म्हणजे १६० किलोमीटरहून, अधिक वेगाने शर्यत जिंकून गेली. लोकांना ही गाडी फार आवडली. श्रीमंताचा खेळ होता, पण त्यात भंगारातून उठलेल्या वस्तूची एक गंमतही होती. आणि शत्रूचे इंजिन आता आपल्या सुट्टीच्या दिवशी आपल्याला करमणूक देते आहे, ही गोष्टही त्या पिढीला सुखावणारी असणार. पुढच्या वर्षी ब्रूकलँड्सवरच तिचा टायर फुटला, ती मार्ग सोडून वेळ नोंदविणाऱ्यांच्या खोपटाला भिडली आणि तेथील एका माणसाने बोटे गमावली. इतिहासाच्या पुस्तकांत चिट्टीचे नाव मोठ्या अक्षरांत असते. त्या बोटांचा उल्लेख ओळीभर येतो.

ब्रूकलँड्सवर ही गाडी पाहणाऱ्या शाळकरी मुलांत इयन फ्लेमिंग होता. जेम्स बाँडच्या या जनकाने आयुष्याच्या अखेरीस मुलांसाठी चिट्टीची गोष्ट लिहिली. १९६४ च्या ऑगस्टमध्ये तो वारला आणि त्यानंतर दोन महिन्यांनी पुस्तक बाहेर पडू लागले. १९६८ च्या चित्रपटाने ते नाव जगभर नेले. साहित्याच्या अभ्यासकांनी एका तपशिलाकडे लक्ष द्यावे. फ्लेमिंगची मोटार हवेत उडते. मूळ चिट्टीचे इंजिन विमानाचे होते. जमिनीवर आणून बसविलेला तो जोर बालकथेत पुन्हा आपल्या ठिकाणी, आकाशात, परतला. हा योगायोग असेल. पण मनोराज्याची चाल ही अशीच असते.

त्या काळी हा वेडेपणा एकट्या झ्बोरोव्स्कीचा नव्हता. अर्नेस्ट एल्ड्रिज या इंग्रज चालकाने १९०८ च्या एका फियाटच्या सांगाड्याची लांबी वाढवून त्यात फियाटचेच पावणेबावीस लिटरचे विमानी इंजिन घातले. त्या गाडीला मेफिस्टोफेले, म्हणजे फाउस्टच्या कथेतील सैतानाचे, नाव पडले. १९२४ च्या जुलैत पॅरिसजवळ आर्पाजों येथे सार्वजनिक रस्त्यावर जागतिक वेगाचा विक्रम करण्यासाठी तो उतरला. प्रतिस्पर्धी रेने टोमा याने हरकत घेतली की या गाडीला मागे जाण्याचा गिअर नाही, आणि नियम तर सांगतो की मोटार मागेही जाऊ शकली पाहिजे. हरकत मान्य झाली. सहा दिवसांत एल्ड्रिज मागे जाण्याची काहीतरी सोय करून परतला आणि १२ जुलैला ताशी जवळपास २३५ किलोमीटरचा विक्रम त्याने नोंदविला. मागे जाण्याचा विचार त्या इंजिनाच्या मालकाला सुचला नव्हता. तो नियमावलीने सुचविला.

त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला इटलीत मोंझा येथील ग्रां प्री शर्यतीत झ्बोरोव्स्कीची मर्सिडीज झाडावर आदळली आणि तो ठार झाला. वय २९. ज्या गाडीत तो मेला ती कारखान्याने शर्यतीसाठी बनविलेली पुरी गाडी होती, विमानी इंजिनाची जोडगाडी नव्हे. हे नोंदविणे न्यायाचे होईल.

*

झ्बोरोव्स्की मागे एक अपुरे काम ठेवून गेला. चिट्टीपेक्षा मोठी अशी एक गाडी त्याने घडवायला घेतली होती : हायम स्पेशल. तिच्यात होते सत्तावीस लिटरचे लिबर्टी इंजिन. त्याच्या मृत्यूनंतर ती विकली गेली आणि घेणाऱ्याने सव्वाशे पौंड मोजले, असे सांगितले जाते. घेणाऱ्याचे नाव जॉन गॉडफ्रे पॅरी-टॉमस.

येथे कथेचा सूर बदलतो. टॉमस काउंट नव्हता. वेल्समधील रेक्सहॅमचा हा माणूस पेशाने अभियंता. लेलँड कंपनीचा तो मुख्य अभियंता होता. ती नोकरी सोडून तो शर्यतींच्या मागे लागला आणि ब्रूकलँड्सच्या आवारातच एका बंगलीत राहू लागला. झ्बोरोव्स्कीने इंजिन हौसेने घेतले. टॉमसने ते परवडणारे होते म्हणून घेतले. जगातील सर्वांत वेगवान मोटार नव्याने बांधण्याइतका पैसा त्याच्यापाशी नव्हता. त्याने कार्ब्युरेटर बदलले, पिस्टन स्वतःच्या आराखड्याप्रमाणे करवून घेतले आणि गाडीला नाव दिले बॅब्ज.

१९२६ च्या एप्रिलमध्ये तो बॅब्ज घेऊन दक्षिण वेल्समधील पेंडाइनच्या किनाऱ्यावर गेला. ओहोटीला तेथे काही मैल लांबीची सपाट ओली वाळू उघडी पडते. २७ तारखेला त्याने विक्रम मोडला, २८ तारखेला स्वतःचाच विक्रम पुन्हा मोडला : ताशी १७१ मैल, म्हणजे सुमारे २७५ किलोमीटर. सव्वाशे पौंडांच्या मालात जगातील कोणत्याही माणसापेक्षा वेगाने जमिनीवर गेलेला माणूस, असे त्याचे वर्णन करता येईल. गॅरेजमधील आमच्या तरुणांना आम्ही हे सांगितले तेव्हा त्यांचे डोळे चमकले, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. आमचेही चमकले होते.

१९२७ च्या ४ फेब्रुवारीला माल्कम कॅम्बेलने त्याच किनाऱ्यावर टॉमसचा विक्रम सुमारे सहा किलोमीटरने मागे टाकला. ३ मार्चला टॉमस पुन्हा बॅब्ज घेऊन वाळूवर उतरला. पूर्ण वेगात असताना गाडी उलटली आणि टॉमस जागच्या जागी ठार झाला. मागच्या चाकाकडे जाणारी साखळी तुटून त्याला लागली, असे तेव्हा सर्वांनी मानले. पुढे मागच्या उजव्या चाकानेच आधी दगा दिला असावा, असेही मत मांडले गेले. साखळी असो की चाक, लिबर्टी इंजिनाला कोणी दोष दिला नाही. ते आपले काम चोख करीत होते. त्याचे काम जोर देणे, तो सोसण्याची जबाबदारी दुसऱ्यांची. टॉमसच्या मृत्यूनंतर महिना उलटायच्या आत, २९ मार्चला, अमेरिकेतील डेटोना येथे हेन्री सीग्रेव्हने दोन विमानी इंजिनांच्या सनबीम गाडीतून ताशी दोनशे मैलांची मर्यादा ओलांडली. टॉमस जिवंत राहून विक्रम परत मिळविता, तरी तो त्याच्यापाशी फार तर काही आठवडे राहिला असता.

लोकांनी बॅब्जला पेंडाइनच्या वाळूतच पुरले. माणसाला सरेमधील बायफ्लीटच्या दफनभूमीत, गाडीला किनाऱ्यावर. मालकाच्या मृत्यूचे कारण ठरलेली वस्तू भंगारात विकू नये, तिला माती द्यावी, ही भावना आपल्याकडील कोणालाही समजावून सांगावी लागणार नाही.

ती तेथे बेचाळीस वर्षे राहिली. मग ओवेन विन ओवेन यांच्या मनाने ती घेतली. हे गृहस्थ वेल्समधील बँगरच्या तंत्रमहाविद्यालयात अभियांत्रिकीचे अध्यापक. म्हणजे आमच्याच जातकुळीतले, वेळापत्रक आणि उत्तरपत्रिका यांच्यामध्ये सापडलेले. गाडी उकरून काढायला विरोध झाला. मृताची शांतता मोडू नये असे काहींना वाटत होते, आणि ती जागा आता संरक्षण खात्याच्या ताब्यात होती. परवानग्या मिळवून १९६९ मध्ये त्यांनी वाळू उपसली. खाऱ्या पाण्याने पत्रा खाल्ला होता, सांगाडा गंजला होता. पुढची पंधराएक वर्षे त्यांनी ती गाडी पुन्हा उभी करण्यात घालविली. इंजिन पुन्हा सुरू झाले. पुढे ती पेंडाइनच्या आणि ब्रूकलँड्सच्या संग्रहालयांतून लोकांसमोर मांडली गेली. ओवेन यांना कोणताही विक्रम करायचा नव्हता. या सगळ्या मंडळींत इंजिनाच्या भोवतीचे सगळे आधी पाहणारा आम्हांला आढळलेला हा पहिला माणूस. कारण त्यांच्या वाट्याला सगळेच गंजलेले आले होते.

*

दुसऱ्या महायुद्धाने आणि नंतरच्या शीतयुद्धाने बाजार पुन्हा भरला. अमेरिकेत ओहायो राज्यातील ॲक्रन येथे आर्ट आर्फन्स नावाचा माणूस होता, जन्म १९२६ चा. घरची चक्की होती, गुराढोरांचा आणि कोंबड्यांचा दाणा दळणारी. पन्नासच्या दशकात त्याने महायुद्धातील ॲलिसन विमानी इंजिने घेऊन सरळ पट्ट्यावरच्या शर्यतींच्या गाड्या बांधल्या. मग त्याला सापडले जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे जे-७९ : स्टारफायटर या ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणाऱ्या लढाऊ विमानाचे जेट इंजिन. काहीतरी आत गेल्यामुळे त्याची पाती मोडली होती, म्हणून ते भंगारात निघाले होते. किंमत सुमारे सहाशे डॉलर.

कंपनीकडे त्याने माहितीपुस्तिका मागितली. ती मिळाली नाही, कारण ते इंजिन अजून लष्कराच्या वापरात होते. मोडलेली पाती काढून त्याने ते स्वतःच दुरुस्त केले आणि घरामागे झाडांना बांधून चालवून पाहिले. त्याभोवती त्याने 'ग्रीन मॉन्स्टर' ही गाडी बांधली. यूटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ५ ऑक्टोबर १९६४ रोजी तिने ताशी सुमारे ६९८ किलोमीटर वेग गाठून जागतिक विक्रम केला. त्याच महिन्यात २७ तारखेला ८६३. पुढच्या वर्षी ७ नोव्हेंबरला ९२७. हा तिसरा विक्रम आठ दिवस टिकला. मग क्रेग ब्रीडलव्हने ताशी सहाशे मैल ओलांडले. १९६६ मध्ये आर्फन्सची गाडी त्याहून अधिक वेगात असताना उलटली, तुकडे झाले, आणि तो जवळजवळ धडधाकट बाहेर आला.

मनोराज्याची याहून पुरी सिद्धी कल्पिता येणार नाही. चक्कीवाला, भंगारातले इंजिन, सहाशे डॉलर, आणि तीन जागतिक विक्रम. आम्हांलाही येथेच थांबावेसे वाटले होते. पण १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये टेक्ससमध्ये डॅलसजवळच्या एका शर्यतमार्गावर आर्फन्सच्या दुसऱ्या एका जेट गाडीला अपघात झाला. त्याच्यासोबत बसलेला दूरचित्रवाणीचा एक वार्ताहर आणि मार्गावरचे दोन कर्मचारी मेले. आर्फन्स वाचला. त्या तिघांनी कोणतेही इंजिन विकत घेतले नव्हते. मडके फुटते तेव्हा पंचतंत्रातल्या ब्राह्मणाच्या अंगावर नुसते पीठ सांडते. तो गोष्टीतला ब्राह्मण आहे, म्हणून.

*

या इतिहासाला दुसरी एक वाट आहे आणि ती सांगितल्याविना लेख एकांगी होईल. आजवर पाहिलेली सगळी इंजिने दुसऱ्या कामासाठी घडली आणि उरली म्हणून विकली गेली. १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये कीथ डकवर्थने कॉसवर्थ या छोट्या कंपनीत एक इंजिन घडविले : डीएफव्ही, तीन लिटर, आठ सिलिंडर. फोर्ड कंपनीने त्यासाठी एक लाख पौंड दिले होते. लोटस गाडीत बसून ते ४ जून १९६७ रोजी हॉलंडमधील झांडफोर्ट येथे पहिल्यांदा शर्यतीत उतरले आणि जिम क्लार्क त्या पहिल्याच शर्यतीत जिंकला. त्याची शक्ती होती सुमारे ४०० अश्वशक्ती.

हा आकडा वाचकांना आठवेल. १९१७ चे लिबर्टी सत्तावीस लिटरमधून जे देत होते, तेच बरोबर पन्नास वर्षांनी डकवर्थने तीन लिटरमधून काढले. लिबर्टी मिनिटाला अठराशेच्या आसपास फिरे, हे नऊ हजार. पण खरा फरक आम्हांला दुसरीकडे दिसतो. डीएफव्हीला बसवायला सांगाडा शोधावा लागत नव्हता. ते स्वतःच गाडीच्या हाडांचा भाग होते. चालकाच्या मागे ते थेट बोल्टांनी जोडायचे आणि मागची चाके त्याच्याच आधाराने लावायची. इंजिन घडवितानाच सोसण्याचा भाग त्यात घेतला होता. अर्धे वाक्य लिहितानाच उरलेल्या अर्ध्याची व्याकरणाने सोय लावावी, तसे.

आणि १९६८ पासून ते विक्रीला आले. किंमत साडेसात हजार पौंड. एकटी लोटसच जिंकत राहिली तर स्पर्धेलाच अर्थ उरणार नाही, असे फोर्डला वाटले, असे सांगतात. पैसे मोजा आणि जगज्जेत्याचे इंजिन घेऊन जा. लाकडाचा व्यापारी केन टिरेल याने आपल्या वखारीतून संघ चालविला आणि १९७१ मध्ये त्याच्या स्वतःच्या गाडीतून जॅकी स्ट्यूअर्ट विश्वविजेता झाला. फ्रँक विल्यम्सने १९७७ मध्ये नवा संघ उभा केला. १९८० मध्ये ॲलन जोन्सने त्याला अजिंक्यपद मिळवून दिले. १९६७ ते १९८३ या काळात या कुळातील इंजिनाने विश्वविजेतेपदाच्या १५५ शर्यती जिंकल्या. विकत मिळणाऱ्या इंजिनाच्या बळावर लहान संघांनी उभे राहायचे, ही परंपरा पुढेही चालली : ३० ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नोएडा येथे झालेल्या पहिल्या भारतीय ग्रां प्रीत नारायण कार्तिकेयनने चालविलेल्या हिस्पानिया संघाच्या गाडीत कॉसवर्थचेच इंजिन होते.

या वाटेवर मरण नव्हते असे मात्र नाही. झांडफोर्ट जिंकणारा जिम क्लार्क ७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीतील होकेनहाइम येथे, खालच्या श्रेणीच्या शर्यतीत, झाडांवर आदळून गेला. इंजिन शहाणे झाले म्हणून झाडे दूर सरकत नाहीत. मार्गाच्या कडेला कठडे, संरक्षक जाळ्या आणि डॉक्टर यावेत यासाठी स्ट्यूअर्टला पुढे अनेक वर्षे भांडावे लागले. जोर वाढविणाऱ्यांना टाळ्या मिळाल्या. हा मागणी करीत राहिला म्हणून त्याला भित्रा म्हणणारेही होते.

मग मनोराज्य वाईट ठरते का? आम्हांला तसे वाटत नाही. ज्या इंजिनांना माणसे मारण्यासाठी आकाशात जायचे होते, ती ईस्टरच्या सुट्टीत ब्रूकलँड्सवर पोरांना हसवीत गेली, यात काहीतरी चांगले घडले. सरकारांनी टाकून दिलेल्या लोखंडातून आपल्यापुरते काही उभे करता येईल, असे चक्कीवाल्याला आणि नोकरी सोडलेल्या अभियंत्याला वाटले, यातही. आमची तक्रार एवढीच की या स्वप्नात इंजिन फार लवकर येते आणि एकटे येते. त्याच्या मागून यायची साखळी, चाक, टायर, कठडा, आणि कडेला उभा असलेला माणूस, यांना स्वप्नात जागा ठेवायची राहून जाते. पंचतंत्रातल्या ब्राह्मणाने शेळ्या, गाई, घर, बायको, मुलगा या सगळ्यांचा क्रम लावला होता. मडके कोठे टांगले आहे, तेवढेच तो विसरला.

हे सगळे आम्ही गॅरेजमध्ये दोन-तीन शनिवार मिळून सांगितले. मंडळींनी ऐकून घेतले. ओवेन यांची गोष्ट त्यांना सर्वांत आवडली, याचे आम्हांला नवल वाटले; पंधरा वर्षे गंज काढणे म्हणजे काय, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले कळत असावे. मासिक पुन्हा रद्दीत गेले. जाहिरातीची चौकट मात्र कोणीतरी कापून आत, हत्यारांच्या फळीवर, चिकटविली आहे. भिंतीवरचा दाराच्या रुंदीचा आकडाही अजून पुसलेला नाही. परवा पाहिले तेव्हा त्याच्याखाली, दुसऱ्या हाताने, खडूने आणखी एक शब्द लिहिलेला होता : टायर?